बर्काचा खजूर

मुझैरा, १० नोव्हेंबर

मुसब्बह,

सलाम. सलाम घालणं धर्माचं आहे म्हणून घालते. राग गेलाय असं समजू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. बाबांना माती दिली, तिसऱ्या दिवसाची माणसं उठली आणि तू गाडी काढून सासरी इब्रीला जो गेलास तो गेलासच. दोन हिवाळे झाले त्याला. म्हणून हे पत्र. शेर जमान चाऱ्याचा ट्रक घेऊन सरहद्द ओलांडून तुमच्याकडे येतो, त्याच्या हातात देते आहे. तो विचारत होता, "अम्मा, घेतलं नाही तर?" म्हटलं, घेईल. दारात आलेलं परत पाठवायची आमच्या घरात पद्धत नाही, तो कितीही बिघडला असला तरी.

तुझा निरोप मतरकाकांनी सांगितला. बाबांच्या सगळ्या सलुकी, शिकारीची ती लांब पायांची जनावरं, तुला हव्यात, का तर मुलगा तू. वा रे वा! बाबांनी शेवटच्या दुखण्यात सगळ्यांदेखत माझा हात त्यांच्या लाडक्या सलुकीच्या, बर्काच्या मानेवर ठेवला, तेव्हा तू खांबाला टेकून उभा होतास. तेव्हा का नाही तोंड उघडलंस? आणि या पिल्लांना वाढवलं कोणी? आधी आईने, मग मी. उंटिणीचं दूध बोटाने चाटवून, माझ्याच अंथरुणात घेऊन. तुम्ही पुरुष त्यांना शिकारीला नेणार आणि परत येऊन जणू तुम्हीच सशामागे धावलात अशा फुशारक्या मारणार.

काका म्हणाले, दोघेही बापासारखेच हट्टी, मी कोणाच्या बाजूने बोलू? मग त्यांनी जे ठरवलं ते मला कबूल आहे. जानेवारीत काकांच्या माळावर आपल्या घराण्याची शर्यत होईल. तुझा सहम आणि माझी हबूब, दोघं एकाच वेताची, बर्काचीच नातवंडं. ज्याचं जनावर पुढे, त्याच्याकडे बाबांच्या सगळ्या सलुकी. बर्कासुद्धा.

आता बर्काबद्दल. "ती वेडी झाली आहे, टेकडीमागे नेऊन एक गोळी घालणं हीच दया," असं तू काकांना म्हणालास म्हणे. बाबाही तेच करायचे, हेही म्हणालास. करायचे, मला माहीत आहे. पण ही बर्का आहे, जिने बाबांच्या गाडीला मागे टाकून ससा धरला होता आणि तो दाताची खूण न उमटवता त्यांच्या पायाशी आणून ठेवला होता. ती उत्तम आहे. थोडी झोपाळू झाली आहे, बस. तिच्यावर बंदूक रोखायची असेल तर आधी शर्यत जिंकून दाखव.

उश्बा बिन्त सैफ

मुझैरा, २२ नोव्हेंबर

मुसब्बह,

शेर जमान सांगतो की तू पत्र घेतलंस, खिशात घातलंस आणि चहाही न विचारता त्याला वाटेला लावलंस. असू दे, घेतलंस तरी.

बर्का उत्तम आहे असं लिहिलं होतं. आता तूच हसशील म्हणून सांगते, म्हणजे दुसऱ्याकडून ऐकून हसायला नको. ती दाराच्या चुकीच्या बाजूला उभी राहते. बिजागरीच्या बाजूला. दार उघडलं की ते तिच्याच नाकावर येतं, आणि ती तशीच उभी. दिवसभर झोपते आणि सगळे झोपले की घरभर चकरा मारते. एकदा भिंतीकडे तोंड करून इतका वेळ उभी होती की मी जाऊन भिंतीवर हात फिरवून बघितला, काही आहे का तिथे. बैठकीच्या गालिच्यावर दोनदा घाण केली. बर्काने! जी पिल्लू असतानासुद्धा बाहेर नेईपर्यंत धरून ठेवायची. झाल्यावर ती माझ्याकडे बघत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तिच्यासाठी.

माझी अफ्रा म्हणाली, दवाखान्यात नेऊ. शाळेत शिकवते ना, तिला सगळ्यावर इलाज असतो असं वाटतं. मदीनत जायदला जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली आहे, सुदानची, इख्लास नावाची. बाई चांगली. बर्काला टेबलावर चढवलं नाही, स्वतः जमिनीवर बसली. रक्त तपासलं, मूत्रपिंड तपासलं, डोळ्यांत दिवा मारला. म्हणाली, "अम्मा, म्हातारपणी माणसांचं डोकं जसं मागे पडतं तसं हिचं होतंय. वेड नाही हे. गोळी आहे यावर. तरुण नाही करणार ती, पण दार सापडेल."

मी खूश. मग तिने डबी काढली. डबीवर लिहिलेलं, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी.

मी म्हटलं, "बाई, चूक झाली. आमच्याकडे कुत्रं नाही."

ती बर्काकडे बघते, मग माझ्याकडे बघते. म्हटलं, "ही सलुकी आहे. कुत्रं अंगणाबाहेर असतं. ही माझ्या गालिच्यावर बसते, माझ्या ताटातलं खाते. कुत्र्याचं औषध हिला देणार नाही मी." आणि उठले. अफ्रा गाडीत तोंड दाबून हसत होती का रडत होती, कळलं नाही मला.

सहमला जास्त उंटाचं मटण घालू नकोस, जड होईल. हे शत्रू म्हणून सांगत नाही, ते माझंच पिल्लू आहे.

उश्बा बिन्त सैफ

मुझैरा, २७ नोव्हेंबर

मुसब्बह,

औषध आणलं. कसं ते ऐक.

मी चार दिवस नाक वर करून फिरत होते. अफ्रा भांडली नाही, फक्त जेवताना म्हणाली, "आई, बर्काला वाचता येत नाही. तुला येतं, हीच अडचण आहे." अशी जीभ कुठून घेतली या पोरीने, तुझ्याकडूनच असणार.

पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाईने मला बघितलं. आत जाऊन डबी आणली, त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: आदरणीय बर्का यांच्यासाठी. मी बाईला घरी जेवायला बोलावून आले.

गोळी रोज सकाळी द्यायची. बी काढलेल्या खजुरात घालून, वर थोडं तूप. फरक पडायला महिना लागेल म्हणाली. रोज द्यायची, एकही सकाळ चुकवायची नाही. मी म्हटलं, मी पहाटेची फज्रची नमाज चुकवत नाही, गोळी कुठली चुकवते.

उ.

मुझैरा, २६ डिसेंबर

मुसब्बह,

बस. बसून वाच.

काल सकाळी बर्का दाराशी आली, थांबली, आणि कडीच्या बाजूला सरकली. बरोबर बाजूला! मी दार उघडलं, ती बाहेर गेली, आपली जागा हुंगली, लघवी करून परत आली. राणीसारखी. मी तिथेच ओट्यावर बसून ओरडले, "अफ्रा! अगं बाहेर ये!" ती घाबरून धावत आली, तिला वाटलं मी पडले. मग दोघी हसत बसलो. माशाअल्ला, माशाअल्ला. तीनदा म्हण तूसुद्धा, दृष्ट नको लागायला.

आता रात्री झोपते. गालिचा कोरडा. मतरकाका आले तेव्हा उठून त्यांच्यापाशी गेली आणि हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली, पूर्वी बाबांच्या ठेवायची तशी. काकांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, डोळ्यात धूळ गेली. धूळ कसली डोंबलाची, बैठक मी स्वतः झाडली होती.

मुसब्बह, मी तुला सांगत होते. म्हातारं झालं म्हणजे संपलं असं नसतं. बाबांच्या वेळी ही गोळी नव्हती, माझ्या वेळी आहे. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, हबूबने पहिला ससा धरला तेव्हासुद्धा नाही.

हेही सांगते, म्हणजे तुला शिकता येईल. आपल्याकडे जेवायची जी रीत आहे तीच मी यांनाही ठेवली आहे. आधी बर्का. तिच्यापुढे थाळी ठेवायची आणि पाठ फिरवून निघून जायचं. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहणं आपल्या आईने कधी शिकवलं नाही आपल्याला. तिचं झालं की मग हबूब त्याच थाळीत. थोरांचं उष्टं खाल्लं की बरकत. तुझ्या घरी सहम पहिला खातो असं शेर जमान सांगत होता. म्हणूनच तो असा आगाऊ झालाय.

उश्बा

मुझैरा, १५ जानेवारी

मुसब्बह,

तुझ्या सहमला आत्ताच समजावून ठेव, बिचाऱ्याला धक्का नको बसायला.

हबूब पेटली आहे. अफ्रा सकाळी गाडी घेऊन माळावर जाते, मागे दोरीला चामडं बांधून. हबूब त्यामागे अशी सुटते की अफ्रा म्हणते, "आई, आरशात बघायचं धाडस होत नाही, वाटतं काच फोडून आत येईल." परत आल्यावरही थकत नाही. अंगणात गोल गोल फिरते, रात्रीसुद्धा डोळा लागत नाही तिचा, कान टवकारून बसते. रक्तच तसं आहे. बर्काचं रक्त.

बर्का बरी आहे. या आठवड्यात थोडी मंद वाटते, पुन्हा एकदोनदा बिजागरीकडे गेली. थंडी फार आहे यंदा. तिच्या अंगावर मी माझी जुनी शाल शिवून घातली आहे.

शर्यतीला ये. पळून जाऊ नकोस.

उश्बा

मुझैरा, २४ जानेवारी

मुसब्बह,

जिंकले! जिंकले, जिंकले!

तू तिथे होतास, सगळं बघितलंस, तरी लिहिते, कारण मला लिहायचंच आहे. सहम सुरुवातीला पुढे होता, हे कबूल. देखणा धावतो, माशाअल्ला, तू चांगला तयार केलायस. पण बाभळीचा वळसा आला आणि हबूबने मान खाली घातली. संपलं तिथेच. बायकांच्या बाजूला मी असा आवाज काढला की शेजारच्या म्हातारीचा पेला सांडला.

शर्यतीआधी रीतीप्रमाणे आपण दोघांनी आपापल्या जनावराच्या डोक्यावर हात ठेवून काकांसमोर शब्द दिला: माझ्या घरच्या अन्नाशिवाय याच्या पोटात काही नाही. मोठ्या शर्यतींत मूत्र घेतात, बाटल्या भरतात, कागद करतात. आपल्या माळावर एवढा शब्द पुरतो, आणि म्हणूनच तिथे जिंकण्यात मजा आहे.

तू पाठ फिरवून निघून गेलास. मी हाक मारली होती. वारा होता, ऐकू आली नसेल असं मी धरून चालते.

सलुकी माझ्याकडे राहतील. बर्का माझ्याकडे राहील आणि तिच्या वेळेला, देव नेईल तेव्हा, माझ्या गालिच्यावरून जाईल. झालं.

उश्बा, सैफची मुलगी

मुझैरा, १ फेब्रुवारी

मुसब्बह,

हे पत्र लिहायला हात उचलत नव्हता.

बर्का पुन्हा हरवल्यासारखी झाली. बिजागरी, भिंत, गालिचा, सगळं पुन्हा. मी डॉक्टरीणबाईकडे नेली, चिडूनच. म्हटलं, तुमची गोळी महिनाभरच चालते की काय? तिने विचारलं, "गोळी पोटात जाते का? गिळताना बघता का तुम्ही?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? ती खात असताना मी तिच्या तोंडाकडे टक लावून उभी राहू? काही रीतभात आहे की नाही?"

ती म्हणाली, "अम्मा, उद्या रीत सोडा आणि बघा."

दुसऱ्या दिवशी मी थाळी ठेवली, पाठ फिरवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआडून चोरासारखी बघत राहिले. बर्काने खजूर तोंडात घेतला. घोळवला. मग हळूच थाळीच्या कडेला ठेवला, नाकाने पुढे सरकवला आणि बाजूला झाली. हबूबसाठी. गोडाचा घास नातीसाठी ठेवला तिने, मुसब्बह. आणि हबूब आली आणि एका घासात गट्ट केला. बरी झाल्यापासून किती सकाळी असं चाललं होतं कोण जाणे. मी तर कॉफी उकळत होते.

मला आधी हसू आलं. खरंच. म्हटलं, काय माया आहे म्हातारीची. मग हबूबची शर्यत आठवली.

मी डॉक्टरीणबाईला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, ही गोळी तरुण जनावराच्या पोटात गेली की अंगात तरतरी येते, झोप उडते. मोठ्या शर्यतींत हिला मनाई आहे. मी विचारलं, मग हबूब तिच्यामुळे जिंकली का? ती म्हणाली, "सांगता येत नाही. स्वतःच्या पायांवरही जिंकली असेल. आता ते कोणालाच कळणार नाही."

हे मला सगळ्यात लागलं. हबूब जिंकली असती. मी तुला छातीवर हात ठेवून सांगते, जिंकली असती. आणि आता ते कधीच कळणार नाही, ना मला ना तुला.

अफ्राला सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहिली. "कोणाला माहीत आहे? तू, मी आणि डॉक्टरीण. तू मुद्दाम केलं नाहीस. सांगितलंस तर बर्का मामाकडे जाईल, आणि मामा काय करणार ते तो काकांना बोलून चुकलाय. तू तिला मारायला पाठवणार आहेस का?"

मी उठले. बर्काजवळ जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही देव जाणे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला काकांचा माळ आठवला, हबूबच्या डोक्यावर ठेवलेला हात आणि दिलेला शब्द. त्या शब्दाच्या जोरावर बर्काला ठेवून घेतलं असतं तर ती माझी राहिली नसती. चोरून आणलेली झाली असती. बाबांची सलुकी चोरीची म्हणून माझ्या घरात? नाही. मी मेले तरी नाही.

उद्या काकांकडे जाते. तुला आधी लिहिते आहे, कारण हे तुला माझ्या तोंडून कळलं पाहिजे, माळावरच्या गप्पांतून नव्हे.

उश्बा

मुझैरा, ५ फेब्रुवारी

मुसब्बह,

या पत्राबरोबर बर्का आहे.

काकांकडे बैठक भरली होती. मी दारातूनच सांगितलं, सगळं, खजुरापासून. कोणीतरी मागून म्हणालं, "उश्बाची म्हातारी आणि तरुण, दोघी औषधावर!" आणि हशा झाला. मी म्हटलं, "हो, आणि तुमचे गुडघे कशावर चालतात ते तुमच्या बायकोने मला सांगितलंय." मग शांत झाले. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, पण आवाज कापला नाही. ते मला तुला सांगायचं आहे.

काका म्हणाले, मग हबूब बाद, सहम पहिला. मग खाली बघत म्हणाले, "बर्काला तेवढी ठेव. मी मुसब्बहला समजावतो." मी म्हटलं, "नाही काका. सगळ्या म्हणजे सगळ्या. अर्धा शब्द मी देत नाही." अफ्रा माझ्याशी बोलत नाही तेव्हापासून. बर्काचा गालिचा मात्र तिनेच गुंडाळून ट्रकमध्ये ठेवला.

बर्का शेर जमानच्या शेजारी बसून येते आहे, मागे चाऱ्यात नाही. हबूब आणि बाकीच्या दोघी तू निरोप धाडशील त्या ट्रकने पाठवेन. मी स्वतः आले नाही. आले असते तर तिला परत घेऊन गेले असते, हे मला ठाऊक आहे.

आता नीट ऐक.

डबी गालिच्यात गुंडाळली आहे. रोज सकाळी एक गोळी. उशीर झाला तर रात्री तिला झोप लागणार नाही, म्हणून सकाळीच. सहमला खोलीबाहेर काढ, दार लाव, मग खजूर दे. आणि उभा राहा. तिच्या तोंडाकडे बघत उभा राहा, गिळून होईपर्यंत. आईने शिकवलेलं विसर. मी ते विसरले नाही, म्हणून हे सगळं झालं. ती खजूर बाजूला ठेवायला बघेल. ठेवू देऊ नकोस. दुसऱ्यासाठी राखायची तिची सवय आहे ती.

दार उघडताना ती बिजागरीच्या बाजूला असेल तर हसू नकोस. खांद्याला हात लावून वळव. ओरडू नकोस. चुकल्याचं तिला कळतं.

ती तुझी आहे. शब्द मी दिला होता आणि तो मी पुरा केला. तुला काय करायचं ते तू कर, मी हात जोडत नाही. फक्त एक सांगते. बाबा टेकडीमागे जाऊन यायचे आणि दोन दिवस जेवायचे नाहीत, आठवतं? आई थाळी ठेवायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. तुझ्यापुढे आहे, गालिच्यात गुंडाळलेला.

सैफची मुलगी,
उश्बा

मुझैरा, ११ मार्च

मुसब्बह,

महिनाभर तुझ्याकडून काही नाही. शेर जमानला विचारायचं धाडस मला झालं नाही. तो चारा उतरवायचा, मी आत काम काढायचे. हबूब आणि दोघी अजून इथेच आहेत. तू त्यांना मागवलं नाहीस, मी विचारलं नाही.

आज तो ट्रक उभा करून थेट ओट्यापाशी आला. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. रिकामी. एकही उरली नव्हती त्यात, एकही खळगा भरलेला नव्हता. मी ती उन्हात धरून बघितली, उलटी करून बघितली.

मी विचारलं, "ती आहे?"

म्हणाला, "आहे तर! साहेब रोज सकाळी खोलीचं दार लावून घेतात. बायकोने विचारलं, आत काय करता? तर म्हणाले, बर्का जेवते आहे, हळू बोल."

मुसब्बह, मी तिथेच खाली बसले. बसले आणि रडले. तुझा मला असा अभिमान वाटेल असं कोणी मला जानेवारीत सांगितलं असतं तर मी त्याला चहा दिला नसता. शर्यत खऱ्या अर्थाने तू जिंकला नाहीस, मीही जिंकले नाही. पण ही रिकामी पट्टी मी काकांना दाखवणार आहे. माळावर सगळ्यांना दाखवणार आहे.

तुझा प्रश्न पोचला. खजूर चावायला तिला जड जातो, लोण्यात दिली तर चालेल का? चालेल. डॉक्टरीणबाईला विचारूनच सांगते आहे. फक्त लोणी थोडं घे, जास्त झालं तर पोट बिघडेल. संध्याकाळी तुझ्याजवळ येऊन बसते म्हणालास, बसू दे. पाठीवर शाल टाक.

नवी पट्टी आणली आहे. शेर जमानकडे दिली नाही. शुक्रवारी अफ्रा गाडी काढते आहे, मी स्वतः घेऊन येते. जेवायला थांबेन, सांगून ठेव घरात.

शेर जमानने तुझा निरोप सांगितला तो असा: "लोण्यात चालेल का, ताईला विचार." ताईला, असंच म्हणालास का, मी त्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, नीट सांग, काय म्हणाला? त्याने पुन्हा सांगितलं. मी आणखी एकदा सांगायला लावलं. शेवटी बिचारा म्हणाला, "अम्मा, ट्रक उन्हात उभा आहे."

ताई